एका बाजूचं जहाज

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, सायकली दुरुस्त करतात. पंक्चरपासून ब्रेकपर्यंत सगळंच करतात, पण लोक त्यांना ओळखतात 'आऊटवाले' म्हणून. चाक सरळ फिरायचं सोडून डुलायला लागलं की त्याला आऊट आला म्हणतात, आणि तो काढणं येरागबाळ्याचं काम नाही. चाक फिरवत ठेवायचं, कुठे घासतंय ते बघायचं आणि तारा आवळायच्या. इकडची एक जरा आवळली की तिकडची एक जरा सैल करायची. एकाच बाजूच्या आवळत सुटलात तर चाकाचा आठचा आकडा होतो. हे भाऊजींना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पुढे याच गोष्टीवरून मी त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

दुकान खाली आणि वर दोन खोल्या. मधे लाकडी जिना, त्याची एक पायरी कुरकुरते. खालून वरचं सगळं ऐकू येतं. भांडं पडलं, खुर्ची सरकली, नळ सुटला, भाऊजींना खाली बसल्या कळायचं. ताई म्हणायची, "माझ्या पायाखाली हे बसलेले असतात कान लावून."

भाऊजी घुमे. ताई बोलकी, पण रुसली की तीही तोंडाला कुलूप लावायची आणि किल्ली विहिरीत टाकायची. त्यांच्याकडे अबोला पाहुण्यासारखा यायचा आणि मुक्काम ठोकायचा. पण संसार म्हटला की न बोलून कसं भागणार? म्हणून दोघं भिंतीशी बोलायची. ताई भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "चहा गार होतोय कुणाचा तरी." भाऊजी त्याच भिंतीला सांगायचे, "कुणाला तरी साखर कमी लागते." मी गेले की भिंत सुटायची आणि तिच्या जागी माझी नेमणूक व्हायची. "तुझ्या भाऊजींना सांग, साबण संपलाय." भाऊजी हातभर अंतरावर. मी म्हणायचे, "भाऊजी, साबण संपलाय." ते म्हणायचे, "आणलाय म्हणावं, पिशवीत बघ." मी हसून हसून लोळायचे. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

ताई शिवणकाम करायची. बाही बसवावी तर तिनंच. पुढे नजर थकली तशी बाहेरची कामं तिनं बंद केली आणि हात रिकामे राहिले म्हणून चिडचिडी झाली. एकदा दाढ काढायला दातांच्या डॉक्टरकडे गेली, तिथे काचेच्या पेटीत लाकडाचं जहाज होतं. दाढ काढून झाली, गालात कापूस, तरी ही बया उठेना. त्या जहाजासमोर बसून राहिली. काही दिवसांनी तसंच एक जहाज, म्हणजे त्याच्या लाकडांचं खोकं, काखेत मारून दुकानात हजर झाली. आत एक कणा, त्याला बसवायच्या फासळ्या, वरून चिकटवायच्या पातळ पट्ट्या आणि परक्या भाषेतलं सूचनांचं पुस्तक.

दुकानात गिऱ्हाइकं होती. भाऊजी चाक फिरवता फिरवता म्हणाले, "या वयात खेळणी? एक खुळखुळाही आणायचास मग."

गिऱ्हाइकं हसली. भाऊजींच्या मनात काही नव्हतं, हे मी आजही सांगेन. जीभ घसरली. पण ताईला मूल नव्हतं. तिनं खोकं उचललं, जिना चढून वर गेली, आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अबोला सुरू झाला.

तो संपलाच नाही. त्याच अबोल्यात ताई गेली. भर दुपारी, वर टेबलाशी बसलेली असताना, हातात कपड्यांचा चिमटा. चिमटे माझ्याच लाँड्रीतले, पट्टी चिकटेपर्यंत दाबून धरायला तिनं मागून नेलेले. भाऊजी खाली होते. त्यांना खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही.

ताईनंतर मी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जायला लागले. भाऊजींवर माया म्हणून नाही, खरं सांगते. ताईच्या खोलीत बसायला मिळायचं म्हणून. टेबलावर ते जहाज तसंच होतं. कण्याला फासळ्या लावलेल्या, डावी बाजू पट्ट्यांनी पुरी झाकलेली आणि उजवी उघडी. एका बाजूनं बघावं तर जहाज, दुसऱ्या बाजूनं बघावं तर बरगड्या. ताईनं आधी एक बाही पुरी करावी तशी एक बाजू पुरी केली होती. पुस्तकातली अक्षरं तिला वाचता येत नव्हती, आणि चित्रांत जहाजाची एकच बाजू दिसत होती.

तिच्या खुर्चीवर भाऊजी कुणाला बसू देत नव्हते. मला म्हणाले, "तिथे नको." टेबलाचा केर काढू म्हटलं तरी नको. मग एक दिवस त्यांनी मला टेबलावरची खडूची रेघ दाखवली. शिंप्याचा निळा खडू, ताईचाच. जहाजाच्या पुढच्या टोकाखाली त्यांनी खूण करून ठेवली होती.

"टोक इथे होतं," ते म्हणाले. "आता बघ."

टोक रेघेपासून सरकलं होतं. खुर्चीच्या बाजूला.

"हात लागला असेल कुणाचा."

"या खोलीत मी आणि तू. तू लावलास?"

मी नव्हता लावला. मी हसण्यावारी नेलं, पण घरी जाताना त्या कुरकुरणाऱ्या पायरीवर पाय न देता उतरले. पुढच्या खेपेला टोक आणखी सरकलेलं. जहाज हळूहळू मान वळवून ताईच्या खुर्चीकडे बघत होतं. आणि आवाज यायचा. टक्. मी तिथे बसलेली असतानाही यायचा, भरदिवसा, खिडकी उघडी असताना. जणू कुणी नखानं लाकडावर वाजवलं. भाऊजी मान वर करायचे, खुर्चीकडे बघायचे आणि पुन्हा खाली घालायचे. त्यांचे गाल बसले होते. दुकानात चाक फिरवत ठेवायचे आणि मधेच छताकडे बघत राहायचे, चाक थांबलं तरी.

"भाऊजी, जागा बदला," मी म्हटलं. "माझ्या शेजारी खोली रिकामी आहे. आणि ते जहाज मला द्या. ताईची आठवण."

"पुरं करून देतो," ते म्हणाले.

"तुम्ही? जहाज?"

"मग काय झालं? लोखंड वळतं, लाकूड नाही वळणार?"

नाही वळलं. पंक्चर शोधायला ट्यूब बुडवतात त्या घमेल्यात भाऊजींनी पट्ट्या भिजत घातल्या. पाणी काळं, पट्ट्या काळ्या. वाकवायला गेले तर तुटल्या. गोंद असा लावला की चिमटा, पट्टी आणि अंगठा एकत्र चिकटले आणि मला गरम पाणी आणावं लागलं. "लोखंड ऐकतं. लाकूड रुसतं," म्हणाले. मी म्हटलं, "रुसलेल्यांची तुम्हाला सवय आहेच." मग मीच लाँड्रीतली जुनी वाफेची इस्त्री आणली. ओल्या पट्टीवर इस्त्री धरून हळूच ओढलं की पट्टी शहाण्यासारखी वळते. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा उजव्या बाजूला पट्टी धरून बघितली. ती पुढे टेकली तर मागे उचकायची, मागे दाबली तर पुढे फाकायची.

मी वैतागून म्हटलं, "हे का वाकतंय कुणास ठाऊक!"

भाऊजींच्या हातातून चिमटा पडला. चेहरा पांढरा झाला. मला वाटलं ताईसारखंच यांचंही काही होतंय.

"काय म्हणालीस?"

"का वाकतंय म्हटलं."

"ती पण हेच म्हणाली होती. अगदी असंच." मग माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघून, ते सांगायला लागले. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ते इथे जेवत होते. ताई टेबलाशी होती. डावी बाजू पुरी होत आली होती आणि कणा बाक घ्यायला लागला होता. ताईनं जहाज उचलून डोळ्यासमोर धरलं आणि भिंतीला विचारलं, हे का वाकतंय कुणास ठाऊक. "मला पहिल्या पट्टीपासून दिसत होतं," भाऊजी म्हणाले. "एकाच बाजूनं ओढ बसली की वाकणारच. एक इकडची लावायची, मग एक तिकडची. चाकासारखंच आहे. एका वाक्याचं काम. पण म्हटलं, मला विचारेल तेव्हा सांगेन. भिंतीला विचारलंय ना, भिंत सांगेल. दुसऱ्या दिवशी ती गेली. आता तो टक् आवाज येतो ना, तो मला तसाच ऐकू येतो. विचारते ती. रोज विचारते."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, माझी बहीण पट्टीपट्टीनं चुकत होती आणि तुम्ही घास चावत बघत होता. म्हटलं, एका वाक्यासाठी तुमची जीभ झिजली असती का? माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळे जाणतात, पण त्या दिवशी मला माझाच आवाज ओळखू येईना. भाऊजी एवढंच म्हणाले, "पट्ट्या सगळ्या काढाव्या लागतील. मोकळं करून पहिल्यापासून. त्याशिवाय सरळ नाही होणार."

"ताईच्या पट्टीला हात लावलात तर याद राखा," मी म्हणाले आणि जिना उतरले.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलायचं बंद केलं. डबा मात्र नेत होते, कारण ताईनं नेला असता. दुकानाच्या फळीवर ठेवायचे आणि उलट्या टांगलेल्या एका सायकलीला सांगायचे, "डबा आहे कुणाचा तरी." भाऊजी त्याच सायकलीला म्हणायचे, "आधीचा धुऊन ठेवलाय." असं बरेच दिवस चाललं. आपण काय करतोय हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ आमच्या घराण्यात भरपूर आहे.

एक दिवस मी डबा ठेवला आणि वळणार एवढ्यात वर खुर्ची सरकली.

स्पष्ट. लादीवरून लाकडाचे पाय ओढल्याचा आवाज. भाऊजी माझ्यासमोर उभे होते, हातात चाक. वर कुणी नव्हतं. आम्ही दोघांनी एकदमच छताकडे बघितलं.

"असंच होतं तेव्हा," भाऊजी कुजबुजले. जिना चढायची त्यांची हिंमत होईना, म्हणून मी पुढे झाले. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण वर जी कुणी असेल ती माझी ताई होती.

खुर्ची जागच्या जागी होती. खाली दोन-तीन चिमटे विखुरले होते. जहाजाच्या डाव्या बाजूवर चिमट्यांनी लावलेलं ओलं फडकं होतं, म्हणजे भाऊजींनी गोंद सुटावा म्हणून ते घातलं होतं, आणि सगळ्यात वरची पट्टी एका टोकाला उचकून उभी राहिली होती. पट्टी सुटली, चिमटे उडाले, त्याचा आवाज असेल. मी तसं धरून चालले. पण चिमटे पडल्याचा आवाज खुर्ची सरकल्यासारखा येत नाही.

"हात लावलातच ना शेवटी," मी म्हटलं. सायकलीला नाही, त्यांना.

"कालच सुरुवात केली. पण ही एवढीच सुटली आणि..." त्यांनी बोट दाखवलं. "पुढे ओढवेना."

मी वाकून बघितलं. उचकलेल्या पट्टीखाली, वाळलेल्या गोंदात, एक केस होता. लांब, अर्धा काळा अर्धा पांढरा. एक टोक सुटलेल्या पट्टीला, दुसरं खालच्या पट्टीला चिकटलेलं, मधे ताणलेला. काम करताना ताईचं डोकं अगदी लाकडाला टेकायचं. पट्टी आणखी ओढली असती तर केस तुटला असता.

भाऊजी रडत होते. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, ताई गेली तेव्हाही नाही. नाकानं, आवाज न करता, लहान मुलासारखे. माझा राग तिथेच संपला असं म्हणणार नाही, पण त्याचा टेकू निघाला.

"गोंद आणा," मी म्हटलं. "पट्टी खाली बसवा, केसासकट."

"मग ते वाकडंच राहील."

"राहू दे वाकडं. आपण कुठले सरळ?"

उजवी बाजू त्या बाकावर बसवायची असं ठरलं. आता अडचण अशी की बाकाच्या बाहेरच्या अंगाला पट्टी जास्त लागते, आणि खोक्यातल्या पट्ट्या भाऊजींनी निम्म्या मोडलेल्या. शेवटची फट उरली ती उरलीच. भाऊजींनी दुकानातून काय काय आणून लावून बघितलं, बसेना. तेव्हा मी माझ्या घरी गेले आणि कपाटातून ताईची मापाची लाकडी पट्टी आणली. ती गेली त्या दिवशी मी न विचारता उचलली होती, आणि भाऊजींनी ती महिनोन्‌महिने शोधली होती. मी टेबलावर ठेवली. त्यांनी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि पॉलिश पेपरनं घासून पातळ करायला घेतली. वाफ दिल्यावर ती पहिल्याच खेपेला वळली. आकडे मात्र पुसले नाहीत. आजही जहाजाच्या उजव्या अंगावर ताईच्या पट्टीचे इंच दिसतात.

पुरं झालं की ते एकदा पाण्यात सोडायचं असं भाऊजींनी ठरवलं होतं, आणि उलटू नये म्हणून पोटात वजन हवं होतं. भाऊजींनी आपल्या अकलेनं सायकलीचे लोखंडी छर्रे आत ओतले, वर फळ्या बसवल्या, गोंद लावला, रोगण दिलं. सगळं वाळल्यावर जहाज उचललं, आणि ते हातातच धरून उभे राहिले.

छर्रे सुटे राहिले होते. जहाज हललं की खुळखुळत होतं. अगदी खुळखुळ्यासारखं.

भाऊजींनी ते छातीशी धरलं आणि खुर्चीकडे बघून, भिंतीकडे बघून, शेवटी मला म्हणाले, "मुद्दाम नाही गं केलं."

"फोडून काढायचे का?"

ते म्हणाले, "नको. बोललो होतोच मी. वाजू दे."

बागेतल्या तळ्यावर आम्ही सकाळी गेलो. डोलकाठ्या नाहीत, शीड नाही, नुसतं वाकडं लाकडी पोट. मी म्हटलं दोरी बांधा, मधेच बुडलं किंवा पलीकडे गेलं तर कोण जाणार आणायला. भाऊजी म्हणाले, "जायचं असेल तर जाऊ दे तिला. मी अडकवून ठेवलीय का?" पण जहाज पाण्याला लागल्यावरही त्यांना सोडवेना.

मग सोडलं.

आधी सरळ गेलं. भाऊजी काठावर उकिडवे बसून बघत होते, चाक बघतात तसे, डोळे बारीक करून. तळ्याच्या मध्यापर्यंत जाताजाता ते डावीकडे झुकायला लागलं, नकळत, एकसारखं. पाठ दिसत होती ती कूस दिसायला लागली, ताईनं केलेली बाजू, आणि मग पुढचं टोक. जहाज वळून आमच्याकडेच येत होतं. वारा नव्हता.

"कुणीतरी तिला सांगायला हवं होतं," भाऊजी पाण्याकडे बघून म्हणाले.

माझा पुन्हा पारा चढला. "'कुणीतरी' काय? इथे भिंत नाही, भाऊजी. सरळ बोला."

जहाज हातभर अंतरावर आलं आणि मंद झालं. आत छर्रे एकदा खुळखुळले.

"दोन्ही बाजूंनी लावायच्या असतात गं," भाऊजी म्हणाले. आवाज फाटला होता. "एक इकडची लावायची, मग एक तिकडची. म्हणजे वाकत नाही. मला ठाऊक होतं. आणि ते खुळखुळ्याचं... मला तसं नव्हतं म्हणायचं. चुकलो मी."

जहाजाचं टोक त्यांच्या गुडघ्याला येऊन टेकलं.

ते जहाज मी मागितलं नाही. ते वरच्या टेबलावर आहे, आणि डोलकाठ्या करायला भाऊजींनी सायकलीच्या जुन्या तारा सरळ करून ठेवल्यात, लाकडावर त्यांचा अजून भरवसा नाही. त्यांनी जागाही बदलली नाही. टक् आवाज आता येत नाही. पण परवा मी डबा द्यायला गेले, दुकानात गिऱ्हाइकं होती, आणि वर कुणी नसताना वरून खुळखुळ ऐकू आली. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, टेबल हललं असेल. गिऱ्हाइकं छताकडे बघायला लागली.

भाऊजींनी फिरतं चाक हातानं थांबवलं, मान वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आलो गं, हे एवढं सरळ करतो आणि आलोच."